बॅजरचं बीळ झाकलेलं, लेकीची खिडकी उघडी

इंग्लंडमधल्या आमच्या कौन्सिलचं, म्हणजे इथल्या पालिकेचं, पाकीट तीन दिवस फ्रिजवर चुंबकाखाली तसंच होतं. फोडलं ते १४ जानेवारी २०२४ ला, रविवारी. भोगी होती. वालपापडी आणि फ्रोझन हरभरे इंडियन दुकानातले, वांगी-गाजरं इथलीच. भाजी शिजेपर्यंत काहीतरी वाचावं म्हणून ते पाकीट हातात घेतलं. आमच्या घरांच्या ओळीमागे एक शेत आहे, तिथे ३८ घरं बांधायचा अर्ज आला होता. हरकत असेल तर ३१ तारखेपर्यंत कळवा, कागदपत्रं कौन्सिलच्या साइटवर बघायला मिळतील, वगैरे.

कागदपत्रं म्हणजे चाळीसेक पीडीएफ. रस्ते, सांडपाणी, पूर, झाडं. मी थेट वन्यजीवांचा अहवाल उघडला, कारण त्या शेतातून आमच्या परसात हेजहॉग येतात. आई इथे आली होती तेव्हा तिने त्याला ‘साळिंदराचं पिल्लू’ असं नाव ठेवलं, आणि घरात तेच रुळलं. अहवालाच्या शेवटी परिशिष्ट होतं आणि त्यात एक लांबलचक तक्ता: त्या शेताच्या दोन किलोमीटरच्या परिघात कोणी, कधी, काय पाहिलं. खाली सरकवता सरकवता एका ओळीवर बोट थांबलं.

हेजहॉग. ८ जून २०२०. नकाशावरची जागा सांगणारा आठ आकडी ग्रिड रेफरन्स. ठिकाण या रकान्यात आमचा घरनंबर आणि गल्ली. नोंदकर्ता या रकान्यात माझं नाव, आडनावासकट. आणि शेवटच्या ‘शेरा’ रकान्यात: माझी सात वर्षांची मुलगी, पुढे तिचं नाव, हिने तिच्या बेडरूमच्या खिडकीतून (गॅरेजच्या वरची) सगळ्यात आधी पाहिला!

उद्गारचिन्हासकट. ते वाक्य माझंच होतं.

भाजी खाली लागली, हे सांगायला नको.

इथे एक खुलासा करते. गावाचं, काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) आणि मी ही नोंद जिथे पाठवली होती त्या केंद्राचं नाव मी लिहिणार नाही. अशी केंद्रं एका काउंटीला एक, आत माणसं दोन-तीन. नाव घेतलं की बोट थेट माणसावर जातं, आणि ती माणसं पुढे नीट वागली. शिवाय या विषयावर लिहिताना मीच पुन्हा पत्ता देऊन बसले तर हसं होईल.

ज्यांना हे प्रकरणच माहीत नाही त्यांच्यासाठी: इंग्लंडमध्ये बहुतेक काउंट्यांना एक स्थानिक नोंद केंद्र असतं. कुठे ते कौन्सिल चालवतं, कुठे वाइल्डलाइफ ट्रस्ट, कुठे ते म्युझियमच्या एखाद्या खोलीत असतं. तुमच्या-माझ्यासारखी माणसं बागेत दिसलेला पतंग, बेडूक, हेजहॉग कळवतात आणि ते सगळं तिथे साठतं. हा नाद इथे फार जुना. काउंट्यांच्या सीमा कितीही बदलल्या तरी नोंदी अजून १८५२ साली आखलेल्या ‘व्हाइस-काउंटी’ नावाच्या तुकड्यांनुसारच ठेवतात. ब्रिटनमध्ये असे ११२ तुकडे आहेत. राष्ट्रीय पातळीवरचं बायॉलॉजिकल रेकॉर्ड्स सेंटर १९६४ चं. नोंदीला चार गोष्टी लागतात: काय, कुठे, कधी, कोणी. चारांतली एक नसली तर ती नोंद नव्हे, नुसती गप.

मी यात पडले ती लॉकडाऊनमध्ये. शाळा बंद, लेक घरात, जूनमध्ये रात्री साडेदहापर्यंत धड अंधार नाही. तिने खिडकीतून हाक मारली, आम्ही दोघी काचेला नाक लावून बसलो, आणि दुसऱ्या दिवशी मी केंद्राच्या साइटवर फॉर्म भरला. ‘ठिकाणाचं नाव’ विचारलं, मी पत्ता दिला. ‘आणखी काही सांगायचंय?’ विचारलं, मला खूप काही सांगायचं होतं. तेव्हापासून साडेतीन वर्षांत मी चारशेच्या वर नोंदी पाठवल्या होत्या.

आता गंमत बघा. मी डॉक्टरांच्या सर्जरीत (दवाखान्याला इथे तेच म्हणतात) रिसेप्शनवर काम करते. दरवर्षी डेटा प्रोटेक्शनचं ऑनलाइन ट्रेनिंग, शेवटी प्रश्नमंजूषा, पास झाल्याचं सर्टिफिकेट. फोनवर कोणी ‘मी तिचा नवराच बोलतोय’ म्हटलं तरी अपॉइंटमेंटची वेळ सांगत नाही. आणि घरी येऊन लेकीची खिडकी कुठली ते फॉर्मात लिहिते.

त्याच तक्त्यात आणखी एक ओळ होती, ती त्या रात्री मला झोपू देईना. बॅजर, म्हणजे बिळात राहणारा, काळ्या-पांढऱ्या तोंडाचा प्राणी. ठिकाणाच्या रकान्यात फक्त ‘गोपनीय’, ग्रिड रेफरन्सही मुद्दाम ढोबळ केलेला. बॅजरच्या बिळांना १९९२ च्या स्वतंत्र कायद्याचं संरक्षण आहे. बिळं उकरून बॅजरांवर कुत्री सोडणारे लोक अजून आहेत, म्हणून त्यांचा ठावठिकाणा कोणी असा उघड देत नाही. म्हणजे झाकायचं कसं हे सगळ्यांना माहीत होतं.

सोमवारी, संक्रांतीच्या दिवशी, मी केंद्राला मेल केला. मेल कसला, आग होती. तासाभरात आपोआप उत्तर आलं: आमचं ऑफिस मंगळवार ते गुरुवार चालू असतं. नवऱ्याने तो मेल वाचला आणि म्हणाला, “यात तू त्यांची चार वेळा लाज काढलीस, पण तुला काय हवंय ते एकदाही लिहिलं नाहीस.” खरं होतं. एकच वाक्य होतं: माझं सगळं ताबडतोब पुसून टाका.

शेजारच्या आजी वेगळंच म्हणाल्या. त्या शेताच्या लढाईत पुढे आहेत. “पुसून टाकलंस तर बिल्डरला फावेल. तुझ्या नोंदींवरच तर आपली हरकत उभी आहे. आणि हरकत लिहिलीस की नाव-पत्ता कौन्सिलच्या साइटवर दिसणारच, सगळ्यांचाच दिसतो.” तेही खरं. हरकतीच्या पत्रावरचा फोन, ईमेल आणि सही झाकतात. नाव आणि पत्ता राहतो. पण ती हरकत मी, पंचेचाळीस वर्षांची बाई, समजून-उमजून देणार होते. सात वर्षांच्या पोरीने कुठे काय सही केली होती?

मग गुरुवारी, १८ जानेवारीला, डोकं थंड करून दुसरा मेल लिहिला. याला ‘सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट’ म्हणतात: माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय आहे ते मला दाखवा. फी नाही, ठरावीक फॉर्म नाही, साध्या मेलवर चालते, तोंडी सांगितलं तरी चालते. पण मोघम लिहू नका. मी हे मागितलं: माझ्या आणि मुलीच्या नावाने असलेल्या सगळ्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये, एकही रकाना न वगळता, ही माहिती कोणाकोणाला दिली, कुठल्या कायदेशीर आधारावर ठेवली, किती काळ ठेवणार. यातला ‘कोणाकोणाला दिली’ हा प्रश्न विसरू नका. खरी गोष्ट त्यातच निघते.

उत्तराची मुदत एक महिना. मोजायची कशी तेही सांगते, कारण मी कॅलेंडरवर गोल करून बसले होते. अर्ज पोचला त्या तारखेपासून पुढच्या महिन्याची तीच तारीख. ती शनिवार-रविवारी आली तर पुढचा कामाचा दिवस. १८ फेब्रुवारी रविवार, म्हणून सोमवार १९. पण २३ जानेवारीला त्यांनी उलट टपाली ओळखपत्र मागितलं, आणि ओळखीबद्दल रास्त शंका असेल तर ती पटेपर्यंत घड्याळ सुरू होत नाही. माझा पुन्हा भडका. माहिती जास्त दिली म्हणून भांडतेय, आणि आता पासपोर्टची प्रत देऊ? मी लिहिलं, याच ईमेलवरून साडेतीन वर्षं नोंदी पाठवतेय, शेवटच्या तीन नोंदींच्या तारखा आणि जाती खाली देते, त्यावरून ओळख पटत नसेल तर सांगा. २४ ला होकार आला. चालतं, असं विचारता येतं. आंधळेपणाने पासपोर्ट पाठवायची गरज नाही.

नवी तारीख: २४ फेब्रुवारी शनिवार, म्हणून २६, सोमवार.

मधल्या काळात हरकतीची मुदत संपणार होती. ३० जानेवारीला रात्री हरकत पाठवली, माझ्या नावाने. हेजहॉग २०२० पासून ‘व्हल्नरेबल’, म्हणजे असुरक्षित, या वर्गात आलाय, शेताच्या कुंपणातून तो परसात येतो, इतकंच लिहिलं. लेकीचा उल्लेख नाही. या बिल्डरला घाई का होती ते आम्हाला नंतर कळलं. १२ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रकल्पांना दहा टक्के जादा निसर्ग निर्माण करून दाखवायची अट लागू झाली. त्याआधी आलेले अर्ज सुटले. असो. तो वेगळा वैताग.

वाट पाहणं वाईट असतं ते रात्री. दिवसा मला ठाऊक होतं की चाळीसाव्या पीडीएफच्या परिशिष्टातली ओळ कोणी वाचत नाही. रात्री वाटायचं, वाचणारा एकच पुरे. आमचं आडनाव या गावात दुसरं कोणाचं नाही. लेकीला यातलं काही सांगितलं नव्हतं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “अगं, आपल्याकडे दाराबाहेर सगळ्यांची नावं पाटीवर असतात, त्यात काय एवढं?” तिला पाटी आणि पीडीएफ यांतला फरक समजावताना माझीच दमछाक झाली. पाटी वाचायला जिना चढावा लागतो, एवढंच म्हणाले शेवटी.

उत्तर मुदतीच्या आत आलं, २१ फेब्रुवारीला. सोबत स्प्रेडशीट, ४१२ ओळी. ती बघणं हा एक वेगळाच अनुभव होता. माझं आडनाव तीन प्रकारे लिहिलेलं: एकदा ‘व्ही’ने, एकदा ‘डब्ल्यू’ने, एकदा मधला ‘ए’ गळालेला. म्हणजे त्यांच्या यादीत मी तीन बायका होते. काही नोंदींवर नवऱ्याचं नाव, कारण फोटो त्याच्या फोनवरून गेलेला. आणि शेरा रकाना! तो मी सलग वाचला. ‘आम्ही सुट्टीहून काल परतलो, तर दारात बेडूक.’ ‘नवरा नाइट शिफ्टला, मी एकटीच जागी, साडेबाराला पतंग.’ ‘आईला विमानतळावर सोडून आले, उदास होते, तेवढ्यात गोल्डफिंच.’ साडेतीन वर्षांचं आमचं घर कधी रिकामं असतं आणि मी कधी एकटी असते याची डायरीच. लिहिणारी मी. कोणी विचारलं नव्हतं.

राग होता तो तिथे जरा ओसरला. गेला नाही, पण ओसरला.

सोबतच्या पत्रात प्रांजळ कबुली होती. नेहमी बाहेर जाणाऱ्या अहवालात नोंदकर्ता आणि शेरा हे दोन रकाने काढलेले असतात. या वेळी चुकीचा साचा वापरला गेला. बिल्डरसाठी वन्यजीवांचा अहवाल लिहिणाऱ्या सल्लागार कंपनीने तक्ता जसाच्या तसा जोडला, कौन्सिलने जसाच्या तसा चढवला. तीन हातांतून गेला, एकानेही वाचला नाही. त्यांनी प्रकरण माहिती आयुक्तांच्या कार्यालयाला, म्हणजे आयसीओला, कळवलं होतं. अशी माहिती फुटल्याचं कळल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं, धोका नगण्य असेल तरच सूट. यात लहान मुलीचा तपशील होता. शेवटी लिहिलं होतं, एकदा येऊन समोरासमोर ठरवू या का?

६ मार्चला, बुधवारी, अर्धा दिवस रजा टाकून गेले. बसचं तिकीट तेव्हा देशभर दोन पौंड होतं, जाऊन-येऊन चार. या सगळ्या प्रकरणात माझा रोख खर्च एवढाच.

मी चकचकीत ऑफिस आणि टायवाला माणूस अशी कल्पना केली होती. निघाली एक वरच्या मजल्यावरची खोली, बिस्किटाचा डबा, दोन टेबलं, आणि भिंतभर लाकडी खण. मॅनेजर बाई माझ्याच वयाच्या. आधी माफी मागितली, एकदाच, स्पष्ट. मग खुर्ची स्वतःच्या बाजूला ओढून स्क्रीन माझ्याकडे वळवली.

“सगळं पुसायचं म्हणालात पहिल्या मेलमध्ये. तो हक्क आहे तुम्हाला मागायचा. पण आधी दाखवते नाव कशाला लागतं.” त्यांनी माझी २०२२ ची एक पतंगाची नोंद उघडली. काउंटीच्या पतंगतज्ज्ञाने तीवर प्रश्न टाकला होता: ही जात इथे सहसा दिसत नाही, फोटो आहे का? केंद्राने मला विचारलं होतं, मी फोटो पाठवला होता, जात भलतीच निघाली होती. मला ते आठवलंही नव्हतं. नाव नसतं तर ती चूक नकाशावर कायमची राहिली असती. “कोणी पाहिलं हे कळल्याशिवाय काय पाहिलं यावर विश्वास कसा ठेवणार?”

मग त्यांनी एक खण बाहेर ओढला. आत पोस्टकार्डाएवढी कार्डं, शाईने लिहिलेली, कडा पिवळ्या. एका कार्डावर १९७४, एक फुलपाखरू, आणि पाहणाऱ्याचं नाव, पत्ता, खाली टेलिफोन नंबरसुद्धा, गावाचं नाव आणि तीन आकडे. अक्षर इतकं देखणं की बघत राहावं. मी विचारलं, यांचं काय? त्या हसल्या. कायदा फक्त जिवंत माणसांच्या माहितीला लागू होतो. पण कार्डावरचा माणूस आहे की गेला हे कोण सांगणार? जन्मतारीख माहीत नसेल तर माणूस शंभर वर्षं जगतो असं धरून त्या चालतात. कोपऱ्यात एक निवृत्त गृहस्थ ही कार्डं संगणकात उतरवत बसले होते. काय, कुठे, कधी, कोणी हे उतरवतात, पत्ता आणि फोन कार्डावरच सोडतात. २५ मे २०१८ ला जीडीपीआर, म्हणजे युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदा, लागू झाला तेव्हा या खोलीत काय धावपळ झाली असेल, ते त्या खणांकडे बघून कळत होतं.

माझ्या नोंदी कुठे कुठे जातात तेही त्यांनी कागदावर बाण काढून दाखवलं. केंद्राचा स्वतःचा डेटाबेस. तिथून काउंटीतली कौन्सिलं, करारानुसार. तिथून त्या-त्या प्राणिगटाच्या राष्ट्रीय योजना. तिथून एनबीएन ॲटलास, म्हणजे सगळ्यांना दिसणारा नकाशा. आणि सल्लागार कंपन्या, पैसे मोजून. हे शेवटचं ऐकून मी चमकले. माझा हेजहॉग विकला जातो?

“नोंद विकत नाही, शोधून, तपासून देण्याच्या कामाचे पैसे घेतो. शंभर-दोनशे पौंड. त्यातून या खोलीचं भाडं आणि आमचे तीन दिवसांचे पगार निघतात. हे साइटवर लिहिलंय, पण कोणी वाचत नाही हेही खरं.” पटलं की नाही ते मला अजून सांगता येत नाही. गैर नाही, पण फॉर्म भरताना वरच्या ओळीत लिहिलेलं असतं तर बरं वाटलं असतं. हे मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं.

कायदेशीर आधार त्यांनी ‘न्याय्य हितसंबंध’ असा दिला, संमती नव्हे. याचा व्यवहारात अर्थ असा की तुम्ही हरकत घेऊ शकता, आणि मग तुमच्या हितापेक्षा आपलं कारण वजनदार आहे हे त्यांना दाखवावं लागतं. पुसून टाकायचा हक्कही सरसकट नाही. संशोधनासाठी किंवा सार्वजनिक हिताच्या संग्रहासाठी ठेवलेली माहिती असेल आणि पुसल्याने त्या कामाचाच कणा मोडणार असेल, तर त्याला अपवाद आहे. म्हणून ‘सगळं पुसा’ म्हणून भांडण्यात महिने जातात. रकान्यागणिक बोललात तर एका बैठकीत निकाल लागतो. आमचा दीड तासात लागला.

शेरा रकाना: चारशे बारा ओळींतला सगळा मजकूर काढायचा, फक्त प्राण्याबद्दलचं ठेवायचं, ‘एक प्रौढ, दोन पिल्लं’ असं. ठिकाण: घरनंबर आणि गल्ली जाऊन वस्तीचं नाव. ग्रिड रेफरन्स: आत आठ आकडी, म्हणजे दहा मीटरचा चौकोन, तसाच राहील, कारण शेताच्या कुठल्या बाजूला हेजहॉग आहे हे त्यावरच कळतं, जनतेच्या नकाशावर चार आकडी, एक किलोमीटरचा चौकोन. माझं नाव: आत राहील, तिघींची एक बाई करून, बाहेर जाताना त्या जागी एक क्रमांक. नवऱ्याचं नाव जाऊन तोच क्रमांक. शेजारच्या आजींची हरकतही सुरक्षित आणि माझी झोपही.

उरलं लेकीचं नाव. ते पूर्ण काढा, म्हणाले मी. बाई लिहिता लिहिता थांबल्या. “तिला विचारलंत का? अकरा वर्षांची आहे ना आता? तिची माहिती आहे, तिला कळण्याएवढी ती मोठी आहे.”

मी विचारलं नव्हतं. या सगळ्या महाभारतात एकदाही नाही. सध्या काढा, मग कळवते, म्हणून उठले.

बाहेरची साफसफाई मात्र माझ्यावरच पडली, आणि हे लक्षात ठेवा: केंद्राने आपलं घर झाडलं म्हणजे बाहेर गेलेला कागद परत येत नाही. सल्लागार कंपनीला केंद्राने सुधारित तक्ता आधीच पाठवला होता. त्यांचा नवा अहवाल ११ मार्चला तयार झाला. कौन्सिलच्या प्लॅनिंग विभागाला मी अर्ज क्रमांक, फाइलचं नाव, पान आणि ओळ देऊन मेल केला. फक्त ‘माझी माहिती दिसतेय’ असं लिहिलं असतं तर तो मेल अजून फिरत असता. जुनी फाइल नऊ दिवसांनी साइटवरून गेली. मग गूगलवर आमचं आडनाव आणि गल्ली टाकून पाहिली. निकालांत जुन्या फाइलचा तुकडा अजून दिसत होता. कालबाह्य मजकूर काढायची विनंती करायचं एक पान गूगलचंच आहे, ते भरलं, काही दिवसांत तोही गेला. कोणी ती फाइल आधीच डाउनलोड करून घेतली असेल तर? त्याला उपाय नाही. ते मी सोडून दिलं, म्हणजे सोडायचा प्रयत्न करते. आयसीओकडे तक्रार करायची वेळ आली नाही. केली तर आधी संस्थेशी बोलून झालेलं लागतं आणि शेवटच्या पत्रव्यवहारापासून तीन महिन्यांत करा असं ते सांगतात, म्हणून सगळे मेल तारखेवार एका फोल्डरमध्ये ठेवले होते. अजून आहेत.

पुण्याचा भाचा ई-बर्डवर पक्ष्यांच्या याद्या टाकतो. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, आपल्याकडेही ऑगस्ट २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा मंजूर झालाय, मावशी. मी म्हटलं, कायदा राहू दे, तुझ्या यादीतल्या ठिकाणाचं नाव वाच. सोसायटीचं नाव, विंग, फ्लॅट नंबर, पुढे ‘बाल्कनी’. दोन मिनिटांत त्याने ते बदलून नुसतं ‘कोथरूड’ केलं.

जुलैमध्ये शेताचा निकाल लागला. परवानगी मिळाली, अटींसह. एक अट अशी की प्रत्येक कुंपणाच्या तळाशी तेरा सेंटिमीटर लांब-रुंद भोक ठेवायचं, हेजहॉगला जायला. आमच्या आजी चिडल्या आहेत. मीही, पण त्या भोकांचं माप वाचून आमच्या ४१२ ओळींतल्या काही ओळी कोणीतरी वाचल्या असाव्यात असं वाटलं.

आणि लेक. तिला मार्चमध्येच सगळं सांगितलं, तक्त्यातली ती ओळ दाखवली. मला वाटलं घाबरेल. ती बघत राहिली आणि म्हणाली, “पण मग माझं नाव का काढलंस? मीच पाहिला होता ना पहिल्यांदा? आता तिथे तुझा नंबर आहे. म्हणजे तू पाहिलास.”

मी खिडकीचं सांगितलं, अनोळखी माणसांचं सांगितलं. खिडकी काढायची ना मग, म्हणाली, नाव कशाला?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मॅनेजर बाईंना तिचा प्रश्न जसाच्या तसा कळवला. त्यांनी दोन दिवसांनी उत्तर दिलं, आणि ते तिच्या नावाने लिहिलं होतं, माझ्या नव्हे: नोंद सुरक्षित आहे, तू मोठी झालीस की स्वतः मेल कर, नोंदकर्त्याच्या जागी तुझं नाव घालता येईल, खिडकीशिवाय.

मोठी म्हणजे किती, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. लेकीने परस्पर तेरा ठरवलं. तेरावा वाढदिवस नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्या वर्षाचं कालनिर्णय तेव्हा अजून माझ्या आईकडून आलेलं नव्हतं. म्हणून तिने स्वयंपाकघरातल्या २०२४ च्या कालनिर्णयाचं डिसेंबरचं पान उलटून, मागच्या कोपऱ्यात, पेन्सिलने लिहून ठेवलं: ‘पुढच्या कॅलेंडरवर उतरवणे. साळिंदर. मेल.’